लिहिता हात, दुखता हात

इटलीतल्या मोदेना गावात एक सफाई कामगार संडासाचा खड्डा उपसत होता. बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या डॉक्टरनं त्याला विचारलं, इतकी घाई का करतोस? तो म्हणाला, जास्त वेळ इथं राहिलो तर डोळे जातात. या एका उत्तरानं रामाझ्झिनीच्या डोक्यात किडा सोडला. पुढची अनेक वर्षं तो खाणीत, कुंभाराच्या भट्टीजवळ, छापखान्यात जाऊन माणसं काम कसं करतात ते बघत राहिला. १७०० साली त्याचं कामगारांच्या आजारांवरचं लॅटिन पुस्तक छापून आलं. रुग्णाला काय काय विचारायचं याची हिप्पोक्रातिसपासून चालत आलेली एक यादी वैद्यांकडे होती. रामाझ्झिनीनं तिच्यात एकाच प्रश्नाची भर घातली: तू काम काय करतोस?

१७१३ मध्ये पुस्तकाची वाढवलेली आवृत्ती निघाली तेव्हा तो ऐंशीच्या घरात होता. या आवृत्तीत लेखनिक आणि नोटरी यांच्यावर एक प्रकरण आहे. आपल्याकडे ज्यांना ‘बोरूबहाद्दर’ म्हणून हिणवलं गेलं त्या जमातीच्या हातदुखीची ही पहिली नीट नोंद समजली जाते. रामाझ्झिनी तिची तीन कारणं सांगतो. एक, सतत बसून राहणं. दोन, हाताची एकाच दिशेनं, न थांबता चालणारी हालचाल. आणि तीन, बेरीज-वजाबाकीत चूक होऊ नये, वहीत खाडाखोड होऊ नये, मालकाचं नुकसान होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसानं ही यादी आमच्या ऑफिसात बसून केली असावी असं मला पहिल्यांदा वाचताना वाटलं होतं. रिलीजच्या आदल्या रात्री या तिन्हींपैकी एकही गोष्ट गैरहजर नसते.

त्याच्या ओळखीच्या एका नोटरीनं जन्मभर लिहिण्याचंच काम केलं होतं. आधी हात भरून यायला लागला, मग भेंडाळायला लागला, आणि कुठल्याच औषधाचा उपयोग न होता शेवटी उजवा हात लुळा पडला. पोट हातावरच होतं. म्हणून तो डाव्या हातानं लिहायला शिकला. थोड्याच दिवसांत डाव्या हातालाही तेच झालं.

इथं एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. १९०९ च्या नोव्हेंबरात लंडनहून दक्षिण आफ्रिकेला जाताना ‘किल्डोनन कॅसल’ बोटीवर गांधीजींनी ‘हिंद स्वराज’ लिहून काढलं. उजवा हात थकला की ते डाव्या हातानं लिहीत. मूळ गुजराती हस्तलिखितातली चाळीसेक पानं डाव्या हाताची आहेत. फरक इतकाच की बोट केप टाउनला लागणार होती आणि लिखाण तिथं थांबणार होतं. नोटरीची बोट कुठंच लागत नव्हती.

रामाझ्झिनीनं बसणं, हालचाल आणि मनाचा ताण ही तीन कारणं एका दमात सांगितली. त्याच्यानंतरच्या डॉक्टरांनी ती आपापसात वाटून घेतली, असं मला हा इतिहास चाळताना दिसत गेलं. हात शल्यचिकित्सकाकडे गेला, मन मज्जातंतूंच्या डॉक्टरकडे गेलं, आणि काम मात्र कुणाच्याच वाट्याला आलं नाही. कारण कामावर इलाज करायचा तर मालकाच्या खिशाला हात लावावा लागतो.

पण आधी उपायांकडे बघू, कारण दुखऱ्या हातावर माणसानं काय काय करून पाहिलंय हे ऐकण्यासारखं आहे. रॉबर्ट शूमान पियानोवादक व्हायला निघाला होता. १८३१-३२ च्या सुमारास त्याच्या उजव्या हाताचं एक बोट ऐकेनासं झालं. बोटाला ताकद यावी म्हणून तो एक यंत्र वापरत होता, त्यानं दुखणं वाढलं असावं. मग उपचार सुरू झाले. त्यातला एक प्रकार म्हणजे ‘प्राणिस्नान’. ताज्या कापलेल्या जनावराच्या आतड्यांत हात बुडवून ठेवायचा. त्या उष्णतेनं हात बरा होतो अशी समजूत होती. वीज लावून झाली, होमिओपॅथी झाली. बोट सुधारलं नाही. शूमाननं वादन सोडलं आणि तो संगीतरचनेकडे वळला. आजच्या बऱ्याच तज्ज्ञांच्या मते त्याला ‘फोकल डिस्टोनिया’ असावा. म्हणजे स्नायू शाबूत, हाडं शाबूत, पण एका विशिष्ट कामापुरता मेंदूचा हातावरचा ताबा बिघडलेला. गंमत म्हणजे हा विकार वेदनेचा नसतोच फारसा. हातदुखी म्हणून जे एकाच पोत्यात भरलं जातं त्यात किती वेगवेगळे जिन्नस असतात, ते यावरून लक्षात यावं.

खरी गर्दी झाली ती एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये. साम्राज्य कागदावर चालत होतं आणि कागद कारकुनांच्या हातांवर. १८३० च्या सुमारास चार्ल्स बेलनं लिहिताना बोटांना येणाऱ्या पेटक्यांचं वर्णन केलं. १८६४ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधल्या सॅम्युएल सॉलीनं लेखनिकांच्या या ‘पक्षाघातावर’ व्याख्यानंच दिली. हंसाच्या पिसाची लेखणी जाऊन पोलादी निब आली होती, तेव्हा दोष निबला दिला गेला. जर्मनीत श्ट्रोमायरनं स्नायूबंध कापून पाहिले. बहुतेकांना त्याचा फायदा झाला नाही.

सगळ्यात तपशिलात लिहिलं ते विल्यम गॉवर्सनं, १८८० च्या दशकात. मज्जासंस्थेच्या आजारांवरचा त्याचा ग्रंथ पुढं कित्येक वर्षं डॉक्टरांचं बायबल होता. हा गृहस्थ स्वतः लघुलेखनाचा इतका भक्त की त्यानं शॉर्टहँड लिहिणाऱ्या डॉक्टरांची एक संस्था काढली होती. लिहिणाऱ्या हाताकडे त्यानं बारकाईनं पाहिलं. करंगळी किंवा मनगट टेकवून फक्त बोटं हलवत लिहिणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो, खांद्यापासून पूर्ण हात हलवत लिहिणाऱ्यांना क्वचित, असं त्याचं निरीक्षण. म्हणून त्याचा सल्ला होता की लिहिण्याची ढबच बदला. सल्ला चांगलाच होता. पण त्याच ग्रंथात तो हेही लिहितो की असे रुग्ण बरेचदा मुळातच नाजूक, चिडचिड्या, काळजीखोर प्रकृतीचे असतात. या आजारांचं नावच ‘व्यवसायजन्य न्यूरोसिस’ असं रूढ झालं. रामाझ्झिनीच्या यादीतलं तिसरं कारण असं हळूच उलटं झालं. त्याच्या लेखी ताण हिशेबाच्या वहीत होता. आता तो कारकुनाच्या स्वभावात गेला.

याच काळात फ्रँकफुर्टमध्ये युलियस वोल्फ नावाचा एक माणूस लेखनपेटक्यांवर इलाज करत होता. तो डॉक्टर नव्हता, सुलेखन शिकवणारा मास्तर होता. त्याची पद्धत अशी: हाताला आणि दंडाला मालीश, स्नायू ताणण्याचे ठरावीक व्यायाम, काही व्यायाम रुग्णानं स्वतः करायचे, काहींत मास्तर प्रतिकार करणार, आणि मग लेखणी धरण्यापासून लिहिणं नव्यानं शिकायचं. पॅरिसचा शार्को आणि व्हिएन्नाचा बिलरोथ यांच्यासारख्या दिग्गजांनी त्याची वाखाणणी केली आणि १८८५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधून ही पद्धत इंग्रज डॉक्टरांपर्यंत पोहोचली. हातावरच्या बिनशस्त्रक्रिया उपचारांच्या इतिहासात मला हा मास्तर सगळ्यात जवळचा वाटतो. विजेचे झटके देणाऱ्या डॉक्टरांच्या गर्दीत त्यानं रुग्णाला विचारलं असणार की, लिहून दाखव बरं. ज्या कामानं हात बिघडला ते काम बघितल्याशिवाय हात कसा दुरुस्त करणार?

मग तारेची गोष्ट. मोर्सच्या यंत्रावर एकच दांडी दिवसभर वर-खाली दाबायची, मनगटातून. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये ओनिम्यूसनं तारवाल्यांच्या हाताच्या आजाराचं पहिलं वर्णन केलं. अमेरिकी तारवाले त्याला ‘काचेचा हात’ म्हणत. ब्रिटनमध्ये तार खातं सरकारी होतं, कर्मचारी संघटित होते, त्यामुळे १९०८ मध्ये तारवाल्यांचा पेटका कामगार नुकसानभरपाईच्या यादीत आला. लिहिण्या-टिपण्याच्या कामातून होणाऱ्या हातदुखीला कायद्यानं आजार मानण्याची ही सुरुवात. त्याच वर्षी हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या तारवाल्यांनी कामाच्या नव्या वेळापत्रकाविरुद्ध संप केला होता. दोन्हींचा थेट संबंध जोडायचा नाही, पण त्या वर्षी साम्राज्याच्या दोन टोकांना तारवाल्यांच्या कामाची चर्चा चालू होती एवढं खरं.

भरपाई मिळू लागल्यावर अर्ज वाढले. अर्ज वाढल्यावर समिती बसली. १९११ च्या तिच्या अहवालात दोन कारणं आहेत: ऑपरेटरच्या मज्जासंस्थेची अस्थिरता, आणि गुंतागुंतीच्या हालचाली करताना पुन्हा पुन्हा येणारा थकवा. क्रम लक्षात घ्या. अमेरिकेत अशी भरपाई नव्हती; तिथं उपाय बाजारातून आला. होरेस मार्टिननं १९०४ च्या सुमारास ‘व्हायब्रोप्लेक्स’ बनवलं. त्यात दांडी वर-खाली दाबायची नाही, अंगठ्यानं आडवी ढकलायची. टिंबांची माळ एक कंप पावणारी पट्टी आपोआप उमटवते. मनगटाचं बरंचसं काम यंत्रानं उचललं. तारवाले ते स्वतःच्या पैशानं विकत घेत. आज स्वतःच्या पगारातून स्प्लिट कीबोर्ड मागवणारे माझे सहकारी त्याच परंपरेतले.

आता थोडं मागं जाऊ, कारण शल्यचिकित्सकांच्या वाट्याला गेलेल्या हाताची गोष्ट राहिली. लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये जॉन हिल्टनकडे एक रुग्ण होता. मनगटाजवळ हाड मोडलेलं, जुळताना तिथं जास्तीचं हाड वाढलेलं आणि त्यानं तळहाताकडे जाणारी मुख्य नस दाबलेली. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांवर जखमा होत्या, त्या कशानंच भरत नव्हत्या. हिल्टननं मनगट अशा स्थितीत बांधलं की तळव्याकडची बाजू सैल पडावी आणि नसेवरचा दाब जावा. जखमा भरल्या. बांधलं होतं तोवर भरलेल्या राहिल्या. माणसाला हात वापरायची मोकळीक दिली, की परत उघडल्या. ही हकीकत जेम्स पॅजेटनं १८५० च्या दशकात आपल्या व्याख्यानांच्या पुस्तकात नोंदवली, आणि आज कार्पल टनेलचा इतिहास बहुतेक तिथूनच सुरू करतात.

मला त्या हकिकतीतलं शेवटचं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. पट्टीनं काम केलं. पट्टी काढून माणूस परत कामाला लागला आणि पट्टीचं काम पुसलं गेलं. हिल्टननं पुढं विश्रांती आणि वेदना या विषयावर व्याख्यानमाला दिली, १८६३ मध्ये तिचं पुस्तक झालं आणि ते डॉक्टरांच्या अनेक पिढ्यांनी वाचलं. शरीराला विश्रांती द्या, ते स्वतःला दुरुस्त करतं, हा त्याचा सिद्धांत. गायज हॉस्पिटलच्या खाटेवर तो बरोबर होता. खाटेवरून उठल्यावर विश्रांतीचे पैसे कोण देणार, हा प्रश्न त्या पुस्तकाच्या कक्षेबाहेरचा.

या गोष्टीत बायका उशिरा येतात, आणि येतात तेव्हा त्यांचं काम काम म्हणून मोजलं जात नाही. १८९५ मध्ये स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ द कर्वेंनं अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला होणाऱ्या दुखण्याच्या पाच केसेस प्रसिद्ध केल्या. अंगठा उचलणारे दोन टेंडन तिथं एका अरुंद बोगद्यातून जातात. तो बोगदा जाड झाला की टेंडन आत घासतात. आज या दुखण्याला त्याचंच नाव आहे. पण त्याच्याही दोन वर्षं आधी ‘ग्रेज ॲनाटॉमी’च्या आवृत्तीत ते ‘धोबिणीचा मुरगळा’ या नावानं आलेलं होतं. ओला कपडा पिळून बघा: अंगठा आत, मनगट करंगळीकडे झुकलेलं, आणि सगळा जोर त्या कडेवर. तान्ह्या बाळाला काखेत हात घालून दिवसातून पन्नासदा उचलणाऱ्या आईचंही तेच होतं. नेहमीची तपासणीही हीच हालचाल करायला लावते: अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवायचं. तिला सगळे फिंकेलस्टाइनची चाचणी म्हणतात. खरं तर मुठीची ही पद्धत आयखॉफची, १९२७ ची. १९३० मध्ये फिंकेलस्टाइननं सांगितलेल्या पद्धतीत डॉक्टर स्वतः रुग्णाचा अंगठा धरून हात वाकवतो. नाव चुकीच्या माणसाचं पडणं आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना नवीन नाही.

१९४७ मध्ये रसेल ब्रेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये सहा बायकांच्या केसेस दिल्या. दोन्ही हातांत मुंग्या, बधिरपणा, अंगठ्याचा उंचवटा वाळलेला. हात मोडलेला नाही, तरी मनगटातल्या बोगद्यात नस दबलेली. हाताच्या कामानं त्रास वाढतो हे त्यांनी नोंदवलं. मग अमेरिकेत क्लीव्हलंड क्लिनिकचा जॉर्ज फॅलन आला. कार्पल टनेल सिंड्रोम हा शब्द डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यात आणण्याचं श्रेय बऱ्याच अंशी त्याचं. मनगट वाकवून मिनिटभर धरायची त्याची चाचणी अजून रोज केली जाते. १९६६ मध्ये त्यानं सतरा वर्षांतल्या ६५४ हातांचा अनुभव मांडला. मनगटाला पट्टी आणि कॉर्टिसोनचं इंजेक्शन हे उपाय तो ऑपरेशनच्या आधी वापरत असे. इथवर सगळं उत्तम. पण आजाराचा कामाशी संबंध नाही, असं तो ठासून सांगत आला. त्याचा एक मोठा आधार हा, की बहुतेक रुग्ण मध्यमवयीन बायका आहेत आणि त्या काही अंगमेहनतीचं काम करत नाहीत.

कणीक तिंबणं, धुणं पिळणं, पाट्यावर वाटणं ही अंगमेहनत नाही असं म्हणायला माणूस कुठल्या घरात वाढलेला असावा लागतो, कोण जाणे. अर्थात त्याची बाजूही पूर्ण खोटी नव्हती. रजोनिवृत्ती, गरोदरपण, मधुमेह, थायरॉइड, वजन या सगळ्यांशी कार्पल टनेलचा संबंध आहे, आणि तो पुढच्या अभ्यासांतही टिकला. जोर लावून पुन्हा पुन्हा पकडणं आणि कंप पावणारी हत्यारं वापरणं यांच्याशीही संबंध टिकला. कीबोर्डशी मात्र पुरावा कमकुवत आहे. आमच्या क्षेत्रात मनगट दुखलं की जो तो ‘कार्पल टनेल झालंय’ म्हणतो. बोटं बधिर होत नसतील, रात्री मुंग्यांनी जाग येत नसेल, तर बहुधा ते दुसरंच काही असतं.

हात, मन आणि काम यांच्या वाटण्या झाल्यावर काय होतं, त्याचा सगळ्यात मोठा तमाशा १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात झाला. संगणकाचे कीबोर्ड आले आणि हातदुखीच्या तक्रारींची लाट उसळली. ‘रिपिटिशन स्ट्रेन इंज्युरी’, म्हणजे आरएसआय, हे नाव घरोघरी गेलं. एका टेलिकॉम ऑस्ट्रेलियातच पाच वर्षांत जवळजवळ चार हजार जणांनी तक्रार नोंदवली, बहुसंख्य बायका. विश्रांती, पट्ट्या, रजा, भरपाई. विनोदही झाले: ‘कांगारूचा पंजा’ म्हणे. मग काही डॉक्टरांनी मांडलं की हा सामूहिक उन्माद आहे. १९८७ मध्ये कर खात्यातल्या एका टायपिस्टनं सरकारवर केलेला नुकसानभरपाईचा दावा फेटाळला गेला आणि लाट ओसरत गेली.

टेलिकॉमच्या आकड्यांत एक विचित्र गोष्ट होती. तासाला बारा हजारांपर्यंत कळा दाबणाऱ्या तारवाल्यांमध्ये तक्रारींचं प्रमाण हजारी ३४ होतं. तासाला काही शेच कळा दाबणाऱ्या टेलिफोन ऑपरेटरांमध्ये हजारी ३४३. उन्मादवाद्यांनी हे आकडे नाचवले: बघा, हालचालीचा संबंधच नाही! मी ते वाचून उलट रामाझ्झिनीकडे गेलो. टेलिफोन ऑपरेटर खुर्चीला आणि हेडफोनला बांधलेली असते, पुढचा कॉल कधी घ्यायचा हे तिच्या हातात नसतं, आणि तिच्या प्रत्येक सेकंदाचा हिशेब कुणीतरी ठेवत असतं. पहिलं आणि तिसरं कारण पुरेपूर हजर. ‘मनाचा ताण’ म्हणजे ‘दुखणं खोटं’ असं समीकरण मांडणाऱ्यांना त्या यादीतलं तिसरं कारण कळलंच नव्हतं. तक्रारींना दाद देणाऱ्यांचंही एका बाबतीत चुकलं. हात महिनोन्‌महिने पट्टीत ठेवून बसवला की तो आखडतो, अशक्त होतो, आणि त्याचा मालक त्याला घाबरायला लागतो. हिल्टनची विश्रांती अशी अमर्याद वाढवायची नसते.

नव्वदच्या दशकात मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या रिचर्ड स्टॉलमनचे हात इतके दुखायला लागले की दिवसाचा बराच काळ त्याला एकाच बोटानं टाइप करावं लागे. त्याच्या संस्थेनं त्याच्यासाठी टायपिस्ट ठेवले. काही वर्षांनी त्याच्या लक्षात आलं की आपल्या कीबोर्डच्या कळा फार कडक आहेत. हलक्या कळांचा कीबोर्ड आणला आणि दुखणं बहुतांशी गेलं, असं त्यानं स्वतः लिहिलंय. टायपिस्ट नेमणारी संस्था पाठीशी असणं हा भाग सोडा. पण इलाज हातावर न होता हत्यारावर झाला.

नेमका हाच विचार ज्यांच्या धंद्याचा पाया आहे अशी एक जमात विसाव्या शतकात तयार झाली होती: ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मराठीत व्यवसायोपचारतज्ज्ञ. १९१७ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्जला त्यांची पहिली अमेरिकी संस्था स्थापन झाली. संस्थापकांपैकी जॉर्ज बार्टन हा वास्तुरचनाकार. त्याची स्वतःची डावी बाजू लुळी पडली होती आणि त्यानं सुतारकाम व बागकाम करत ती कामाला लावली होती. पहिल्या महायुद्धानं जखमी सैनिक दिले, दुसऱ्यानं आणखी दिले. १९७० च्या दशकात हाताच्याच उपचारांत मुरलेल्या थेरपिस्टांची वेगळी संघटना अमेरिकेत उभी राहिली.

ही विद्या भारतात आणली ती कमला निंबकर यांनी. त्या जन्मानं अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. १९३० मध्ये विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या इकडच्या झाल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर, वयाच्या पंचेचाळिशीनंतर, त्यांनी अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण घेतलं, आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम हॉस्पिटलात या विषयाचं देशातलं पहिलं विद्यालय सुरू केलं. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना झाली. त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. मराठी वाचकांना त्यांच्या सूनबाई जाई निंबकर जास्त माहीत असतात, फलटणकरांना ‘कमला निंबकर बालभवन’ शाळा माहीत असते. परळला हात दाखवायला जाणाऱ्यांपैकी कितीजणांना हे नाव माहीत असेल?

माझं मनगट दुखायला लागलं तेव्हा मी ज्या थेरपिस्ट मॅडमकडे गेलो, त्यांनी एक्स-रे बाजूला ठेवून आधी माझ्या टेबलाची उंची विचारली, मग माउस कुठं असतो ते, मग फोन कोणत्या हातात धरून झोपेपर्यंत स्क्रोल करतोस ते. शेवटच्या प्रश्नावर मी जरा चाचरलो. त्यांनी रात्रीसाठी स्प्लिंट दिला, दिवसासाठी नाही. दिवसा बोटांचे व्यायाम: सरळ पंजा, मग आकडा, मग पूर्ण मूठ, म्हणजे टेंडन आपापल्या बोगद्यातून पूर्ण लांबी सरकतात आणि चिकटून बसत नाहीत. दर अर्ध्या तासानं उठायचं. सहा आठवड्यांनी परत यायचं.

स्प्लिंट रात्री का, याचं उत्तर १९८१ च्या एका मोजणीत आहे. गेल्बरमन आणि सहकाऱ्यांनी मनगटाच्या बोगद्यात बारीक नळी घालून आतला दाब मोजला. निरोगी माणसाचं मनगट सरळ असताना तो सरासरी अडीच मिलिमीटर होता. पुढं किंवा मागं पूर्ण वाकवल्यावर तिशीच्या आसपास. कार्पल टनेलच्या रुग्णांत सरळ मनगटातच ३२, पुढं वाकवल्यावर ९४ आणि मागं वाकवल्यावर ११०. झोपेत आपण मनगट दुमडून उशीखाली किंवा गालाखाली घेतो आणि तासन्‌तास तसंच ठेवतो. मग पहाटे हात झटकत उठतो. स्प्लिंटचं काम एवढंच की मनगट सरळ ठेवायचं. तो जादू करत नाही. सौम्य आजारात बऱ्याच जणांना आराम पडतो, इंजेक्शननं काही महिने बरे जातात. अंगठ्याचा उंचवटा वाळायला लागला असेल किंवा बधिरपणा कायमचा झाला असेल तर मात्र वाट बघत बसू नये. तिथं ऑपरेशनच बरं.

औषधांच्या दुकानातून आणलेला स्प्लिंट आधी नीट बघून घ्यावा. त्यातले बरेच मनगट मागं वाकवून धरणारे असतात, कारण पकड मजबूत करायला ती स्थिती चांगली. नसेवरचा दाब कमी करायला नाही, हे वरच्या आकड्यांवरून दिसतंच. आत सहसा ॲल्युमिनियमची एक पट्टी असते, ती बाहेर निघते. माझ्या थेरपिस्ट मॅडमनी ती काढली, टेबलाच्या कडेवर ठेवून तळव्यानं दाबत सरळ केली, परत खोबणीत सरकवली, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.